फसलेले आंबवण आणि कारणाचा प्रश्न

कार्य आपल्या कारणात आधीपासून असते की ते नव्याने उपजते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी माती आणि घडा, तंतू आणि वस्त्र, तीळ आणि तेल, दूध आणि दही अशा नित्याच्या दृष्टान्तांच्या आधारे चर्चिला. याच मालिकेत सुरेचाही एक दृष्टान्त आहे, आणि तो मांडणारे चार्वाक असल्यामुळे त्याची दखल बहुधा खंडनापुरतीच घेतली गेली. चार्वाकांचे म्हणणे असे की मद धान्यात नाही, पाण्यात नाही, किण्वातही, म्हणजे आंबण्याची क्रिया सुरू करून देणाऱ्या विरजणासारख्या द्रव्यातही, तो सुटेपणाने आढळत नाही. तरीही ही द्रव्ये विशिष्ट रीतीने एकत्र आली की मादक शक्ती प्रकट होते. त्याचप्रमाणे पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार जड भूतांच्या मेळातून देहात चैतन्य उपजते, त्यासाठी वेगळा आत्मा मानण्याचे कारण नाही. या युक्तिवादाला वेदान्ती, नैयायिक, जैन आणि बौद्ध अशा सर्वांनी उत्तरे दिली. मात्र मांडणारे आणि खोडणारे या दोघांच्याही नजरेसमोर होते ते जमून आलेल्या सुरेचे भांडे. आंबट ढाण झालेले, बुरशी धरलेले, फुटलेले किंवा मुळीच न आंबलेले भांडे या वादात साक्षीला आलेच नाही, आणि कारणाविषयी सर्वांत जास्त सांगण्यासारखे नेमके त्याच भांड्याजवळ आहे.

मनुस्मृतीने सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळापासूनची गौडी, पिठापासूनची पैष्टी आणि माध्वी. आज जिला बिअर म्हणतात ती धान्यापासून होत असल्यामुळे या वर्गवारीत पैष्टीच्या जवळ बसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात अशा पेयांची प्रमाणे दिली आहेत, आणि त्यांपैकी मेदक नावाच्या पेयाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व सांगितले आहे. चार प्रस्थांचा एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण हे कोष्टक लावले, तर किण्वाचे माप तांदळाच्या दीडपट भरते. उडदाचे वाटण, तांदूळ आणि काही वनस्पती यांपासून तयार केलेले हे किण्व इतक्या सढळ हाताने घालण्यामागे, थोड्या विरजणावर भांडे नासते हा अनुभव असावा असे अनुमान करता येते. त्याच प्रकरणात कुटुंबवत्सल माणसाला काही प्रसंगी घरी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीकही आहे. ब्रिटनमध्ये 1963 पासून आणि अमेरिकेत 1978 च्या कायद्यापासून घरगुती बिअरला परवान्याची अट उरली नाही. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी अधिनियमामुळे परवान्याशिवाय ती करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील वाचकापुढे हा विषय येतो तो विचाराचा म्हणून, कृतीचा म्हणून नाही.

तरीही आंबवणाचा अनुभव या जिल्ह्याला परका नाही. ज्वारी हे येथील घराघरातले धान्य आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे 1972 साली स्थापन झालेल्या आणि पुढे वसंतराव नाईकांचे नाव मिळालेल्या संस्थेने, 'परभणी मोती' आणि 'परभणी शक्ती' यांसारखे ज्वारीचे वाण दिले. या ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर ठेवतात, सकाळी त्याला आंबूस वास आला आणि वर बारीक बुडबुडे दिसू लागले की ते उकळत्या पाण्यात सोडून, गुठळी होऊ न देता ढवळत शिजवतात, आणि जिरे, लसूण, मीठ घालून आंबील करतात. मरीआईच्या नैवेद्यात आंबील-घुगऱ्या असतात आणि शेजारच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात आंबिलीचा मान असतो. हीच ज्वारी आफ्रिकेतील अनेक समाजांत मोड आणून, वाळवून, भरडून बिअरसाठी वापरली जाते. धान्य एक, पाणी एक, दोन्हीकडे आंबण्याची क्रियाही आहे, आणि तरी एक पेय देवीच्या नैवेद्याला चालते तर दुसरे निषिद्ध ठरते.

हा फरक कोठे पडतो, हे पाहिल्याशिवाय तात्त्विक प्रश्नाकडे वळणे घाईचे होईल. पिठातील स्टार्च, म्हणजे पिष्ट, यीस्ट या सूक्ष्म बुरशीला थेट खाता येत नाही. धान्याला मोड आले की दाण्यात काही विकरे तयार होतात, म्हणजे एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर घडवणारी प्रथिने, आणि भरडलेले मोडाचे धान्य 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर राहिले की ही विकरे पिष्टाची साखर करतात. तो गोड काढा गाळून, उकळून, हॉप्स या वेलीच्या कडवट फुलांसह तासभर आटवून, निववून त्यात यीस्ट सोडले की साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते. आंबिलीत मोड नाहीत, साखर फारशी नाही, आणि काम करतात ते मुख्यतः दह्यातलेच लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. म्हणून आंबील आंबते पण चढत नाही.

या क्रियेत माणूस चुकतो तो ठरावीक जागी. काढा पुरता निवण्याआधी घाईने यीस्ट घातले तर ते मरते आणि भांडे दिवसेंदिवस तसेच गोड पडून राहते. उकळल्यानंतर ज्या नळीला, झाकणाला किंवा पळीला काढ्याचा स्पर्श होतो ती नीट निर्जंतुक केलेली नसेल तर लॅक्टिक जिवाणू शिरतात आणि पेय आंबट होते. भांड्यात हवा खेळती राहिली तर ॲसेटिक जिवाणू अल्कोहोलचेच व्हिनेगर करून टाकतात. साध्या बिअरचे बरेचसे यीस्ट 18 ते 22 अंशांत चांगले काम करते, आणि परभणीच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा अशा उष्म्यात आंबवलेल्या पेयात जड अल्कोहोले वाढून घशाला जाळणारी, डोके दुखवणारी चव येते. ज्वारीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे आणि तो अधिक गंभीर आहे: तिच्या कोंभात आणि मुळ्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते, त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटते, म्हणून मोड आलेली ज्वारी नीट वाळवून तिचे कोंभ व मुळ्या चोळून काढून टाकाव्या लागतात. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर शिरू द्यायचे नाही, हे येथील शेतकऱ्याला ठाऊक असते. तेच विष येथेही असते.

आता मूळ प्रश्न घ्यावा. सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणतो की कार्य उत्पत्तीपूर्वी कारणात अव्यक्त रूपाने असतेच, नाहीतर दही हवे असणारा माणूस दूधच का घेतो, पाणी का घेत नाही. नैयायिक आणि वैशेषिक यांचा असत्कार्यवाद म्हणतो की कार्य नव्याने आरंभ पावते, घडा मातीत नव्हता. जमलेल्या भांड्यापुरते पाहिले तर दोन्ही मते सारखीच टिकतात, कारण तेथे एका कारणातून एक कार्य निघालेले दिसते. फसलेले भांडे मात्र सांख्याला अडचणीचा प्रश्न विचारते: एकाच काढ्यातून बिअर, आंबट पाणी, व्हिनेगर आणि कुजका घाण द्रव असे चार परिणाम निघू शकतात, तर ते चारही त्यात आधीपासून दडलेले होते काय, आणि असतील तर त्यांतला एकच बाहेर का आला? चारही होते असे म्हटले की अव्यक्त असण्याला फारसा अर्थ उरत नाही. एकच होता असे म्हटले की भांडे फसणे अशक्य ठरते, आणि भांडी तर फसतात.

सांख्य-योग परंपरेने या अडचणीवर दिलेले उत्तर, पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादातले, या विषयात विलक्षण चपखल बसते. तेथे म्हटले आहे की निमित्त कारण प्रकृतीला ढकलत नाही. ते फक्त अडसर दूर करते, जसा शेतकरी वाफ्याचा बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावानेच पुढच्या वाफ्यात उतरते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्या पाथरी-मानवतच्या शिवारात फिरते तेथे हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. आंबवणाच्या भांड्याजवळचा माणूसही साखरेचे अल्कोहोल स्वतः करत नाही. त्याने करायचे ते दोनच प्रकारचे काम असते, काही बांध फोडायचे आणि काही घट्ट ठेवायचे. यीस्टला वाट मोकळी करायची आणि इतरांची वाट अडवायची. चुका पाहिल्या तर त्या याच दोन बाजूंनी होतात: उष्ण काढ्यात यीस्ट घालणारा नको तेथे बांध घालतो, आणि न उकळलेल्या नळीने काढा काढणारा नको तो बांध फोडतो. परंतु मग सत्कार्यवादाला एवढे मान्य करावेच लागते की कोणते कार्य व्यक्त होईल याचा निर्णय उपादानात, म्हणजे मूळ द्रव्यात, झालेला नसतो.

नैयायिकांच्या बाजूनेही याच ठिकाणी एक सूक्ष्म चर्चा आहे. अग्नी दाहक असूनही एखादा प्रतिबंधक मणी जवळ असला तर जाळत नाही, असा परंपरागत दृष्टान्त घेऊन मीमांसक म्हणत की अग्नीत दाहशक्ती नावाचा वेगळा पदार्थ मानावा, मणी ती शक्ती रोखतो. उदयनाचार्यांसारखे नैयायिक म्हणत की वेगळी शक्ती मानण्याची गरज नाही, प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारणच आहे. अभाव कारण कसा होईल, हा आक्षेप पुस्तकात वाचताना बळकट वाटतो. आंबवणाच्या भांड्याजवळ तो फिका पडतो. तेथील निम्मे श्रम अभाव निर्माण करण्यातच जातात: हवेचा अभाव, उन्हाचा अभाव, कारण हॉप्समधील द्रव्यांवर प्रकाश पडला की पेयाला उग्र दुर्गंध येतो, आणि परक्या जिवाणूंचा अभाव. हा अभाव जितका काटेकोर, तितके कार्य खात्रीचे. मेलेल्या यीस्टचे उदाहरण मात्र मीमांसकाच्या बाजूला झुकते, कारण तेथे द्रव्य तेच दिसते, कोणताही प्रतिबंधक शिल्लक नाही, आणि तरी काहीच घडत नाही. काहीतरी होते ते गेले, असेच म्हणावे लागते.

न्यायमताने काळालाही सर्व कार्यांचे साधारण कारण मानले आहे, आणि त्याचा विसर पडला की घडणारा अपघात सर्वांत घातक असतो. काढ्याची घनता हायड्रोमीटर या तरंगत्या मापकाने मोजतात, सुरुवातीला 1.050 च्या आसपास असलेला आकडा साखर संपत जाते तसा 1.010 च्या आसपास येतो, आणि सलग दोन-तीन दिवस तो हलला नाही तरच क्रिया पुरी झाली असे समजतात. बुडबुडे थांबले एवढ्यावरून क्रिया संपली असे मानून जो बाटल्या भरतो, त्याच्या बंद बाटलीत उरलेली साखर वायू करतच राहते आणि एखाद्या रात्री काच फुटून तिचे तुकडे खोलीभर उडतात. येथे द्रव्य योग्य आहे, कर्ता सावध आहे, साधने स्वच्छ आहेत, प्रतिबंधकही कोणी नाही. चूक आहे ती कार्य पूर्ण होण्याआधीच ते पूर्ण झाले असे मानण्याची.

मग अशा चुकीचा कर्ता कोण? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आश्रयस्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. आंबवणाच्या संदर्भात हे वचन जबाबदारी झटकण्याची सोय म्हणून वाचणे चूक ठरेल, कारण पाचांत कर्ता आहेच. धर्मशास्त्रानेही नकळत घडलेले पाप आणि जाणूनबुजून केलेले पाप यांना वेगळी प्रायश्चित्ते सांगितली, ती याच विवेकाने. घरच्या भांड्यातल्या धान्याच्या बिअरमधून मिथेनॉलची विषबाधा होते असा एक प्रचलित समज आहे. वास्तविक धान्य आंबल्याने मिथेनॉल नगण्य तयार होते. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरांहून अधिक माणसे विषारी दारूने दगावली, त्या दारूत औद्योगिक मिथेनॉल होते. ते भांडे फसलेले नव्हते. नासलेले आंबवण आणि विकण्यासाठी ओतलेले विष यांना एकाच दोषाच्या नावाखाली ठेवणे हा विचाराचा आळस आहे, आणि मेलेल्यांवर अन्यायही.

सुरेच्या दृष्टान्ताचा खरा निकाल लागण्याची वेळ आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही एका फसलेल्या पिंपामुळे. 1856 साली फ्रान्समधील लील येथे बीटापासून अल्कोहोल करणाऱ्या बिगो नावाच्या कारखानदाराची पिंपे आंबट होऊ लागली, तेव्हा तो लुई पाश्चर यांच्याकडे गेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाश्चर यांना चांगल्या पिंपात यीस्टचे गोल दाणे दिसले, नासलेल्यात त्यांच्या जागी बारीक काड्यांसारखे जीव दिसले. युस्टुस फॉन लीबिग यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ तोवर किण्वन ही कुजण्यासारखी निव्वळ रासायनिक घडामोड मानत होते. जमलेली पिंपे शतकानुशतके पाहूनही आंबवण हे जिवंत जीवांचे काम आहे हे बहुतेकांना उमगले नव्हते. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध बिअर-नियमात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच द्रव्ये नमूद आहेत, यीस्टचा उल्लेखही नाही, आणि या एका बाबतीत किण्वाला वेगळे नाव व माप देणारा कौटिल्य पुढे होता. नैयायिक ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे कारण असताना कार्य असणे आणि कारण नसताना कार्य नसणे, त्यातला अन्वय सर्वांपाशी होता. व्यतिरेक पुरवला तो नासलेल्या पिंपाने.

त्यापुढचे पाऊल म्हणजे पाश्चर यांचे 1860 च्या सुमाराचे हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू. त्यांत उकळलेला रस हवेशी संबंध असूनही आंबला नाही, कारण हवेतली धूळ आणि तिच्यावरचे जीव नळीच्या वाकणातच अडकत. मान मोडली की रस नासे. चार्वाकांच्या दृष्टान्ताला हा न आंबलेला चंबू फार जड जातो. जड द्रव्यांच्या मेळातून नवी शक्ती उपजते हे दाखवायला त्यांनी जे उदाहरण निवडले त्यात एक द्रव्य जड नव्हतेच. किण्व जिवंत होते, आणि जिवंताला वगळून तो मेळ कितीही नेमका जमवला तरी मद येत नाही. ज्यातून चैतन्य सिद्ध करायचे त्यातच जीव आधी गृहीत धरला गेला होता, अजाणता. परंतु वाद एवढ्यावर संपला असे म्हणणे चार्वाकांवर अन्याय करणारे ठरेल. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला, आणि जिवंत पेशी नसलेल्या त्या रसानेही साखर आंबली. या कामाबद्दल त्यांना 1907 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मद उत्पन्न करणारी क्रिया जड विकरांची आहे, हे त्यातून दिसले. मदाच्या उत्पत्तीपुरते चार्वाकांचे म्हणणे अशा रीतीने सावरले जाते. मात्र ती विकरे घडवायला जिवंत पेशीच लागते, आणि चैतन्याविषयीचे त्यांचे अनुमान होते तेथेच राहते.

या दृष्टान्ताकडे सर्वांत वेगळ्या नजरेने पाहिले ते जैन आचार्यांनी. मद्य हे रसात जन्मणाऱ्या असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान आहे, म्हणून मद्य पिणाऱ्याकडून त्यांची हिंसा अटळपणे घडते, असे अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात म्हटले, तेव्हा सूक्ष्मदर्शक कित्येक शतके दूर होता. बौद्ध पंचशीलाने आणि पुढे डॉ. आंबेडकरांनी 1956 साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी मद्य वर्ज्य मानले. त्यांतल्या शीलामागचा हेतू मुख्यतः प्रमादापासून, म्हणजे गाफीलपणापासून, दूर राहण्याचा आहे. जैन विचार मात्र पिणाऱ्याच्या शुद्धीपाशी थांबत नाही, तो भांड्याच्या आत डोकावतो. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुहांना आजही दर्शनाला जाणाऱ्यांच्या आचारात हा विचार जिवंत आहे: दह्याला काळाची मर्यादा आहे, कच्च्या दह्या-ताकात डाळीचे पदार्थ मिसळायचे नाहीत असा द्विदलाचा नियम आहे, आणि शिळे, आंबलेले अन्न टाळण्याकडे कल आहे. या दृष्टीने पाहिले तर जमलेले भांडे आणि फसलेले भांडे यांत भेदच उरत नाही. यीस्ट वाढले काय किंवा लॅक्टिक जिवाणू वाढले काय, दोन्हीकडे जीवच वाढले आहेत आणि दोन्हीकडे ते मरणार आहेत. 'फसले' हा शब्द केवळ पिणाऱ्याच्या अपेक्षेतून आला आहे.

पाश्चर यांचा चंबू याही मताला एक प्रश्न विचारतो. तत्त्वार्थसूत्रात जन्माचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या संमूर्च्छन जन्मात जीव मातापित्यांवाचून, अनुकूल द्रव्यात आपोआप देह धारण करतो, आणि रसात दिसणारे सूक्ष्म जीव याच प्रकारात गणले गेले. चंबूतला रस अनुकूल होता, हवा होती, ऊब होती, आणि तरी त्यात कोणी जन्मले नाही. बाहेरून जीव पोचला तेव्हाच वाढ झाली. उत्पत्तीच्या सिद्धान्ताची ही बाजू त्या चंबूपुढे टिकत नाही. अहिंसेचा आदेश मात्र त्या सिद्धान्तावर उभा नाही, कारण भांड्यातले जीव तेथे उपजले की धुळीबरोबर आले यावर त्यांच्या मरण्याचे मोल ठरत नाही. तासभर काढा उकळून, भांडी धुऊन, नळ्या निर्जंतुक करून एका जातीच्या जीवाला वाट करून देणारा माणूस बाकीच्या सर्व जातींना मारतो, आणि तळाशी बसलेल्या यीस्टचा साका शेवटी मोरीत ओततो. रात्रभर मुरलेली आंबील चुलीवर चढवणारी गृहिणीही कमीअधिक तेच करते, नैवेद्यासाठी आणि पोरांच्या पोटासाठी.